मुक्त, पण बेवारशी नव्हे

इंग्रजीतील ‘फ्री’ या एका शब्दाने सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात बराच घोटाळा माजविला आहे. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन निराळे शब्द असल्याने आमच्या वाचकांनी तरी त्यात सापडण्याचे कारण नाही. १९८३ साली ‘ग्नू’ योजना जाहीर करणारे रिचर्ड स्टॉलमन हे आपल्या ‘ईमॅक्स’ या प्रोग्रॅमची टेप १९८५ साली दीडशे डॉलरला विकीत असत. तरीही तो प्रोग्रॅम मुक्तच होता; कारण घेणाऱ्यास तो वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची पूर्ण मोकळीक होती.

मुक्त सॉफ्टवेअरला धनीच नसतो, हा समज याहून घातक होय. वस्तुतः लेखकाचा कॉपीराइट कायम असतो, आणि त्याच्याच बळावर तो परवान्याच्या अटी घालतो. २००४ साली म्युनिक येथील न्यायालयाने, लिनक्सचा एक भाग आपल्या उपकरणात घालून ‘जीपीएल’ परवान्याच्या अटी न पाळणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला होता.

कित्येकांना उलट भीती वाटते. मुक्त प्रोग्रॅमवर पत्र लिहिले की ते पत्रही जगजाहीर करावे लागेल काय, असे आम्हांस विचारण्यात येते! लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याचाच राहतो. एवढेच नव्हे, तर जीपीएलखालील प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या कामापुरते फेरफार करून ते घरातच ठेवले, तरी कोणास दाखविण्याचे बंधन नाही. बंधन येते ते प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती देताना.

आणि येथेच सामान्य माणसाचा खरा लाभ आहे. समजा, एखाद्या गावच्या पतपेढीने हिशेबाचा असा प्रोग्रॅम विकत घेतला आणि दोन वर्षांत विक्रेत्याने दुकान गुंडाळले. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे ‘सोर्स कोड’, हाती असला तर दुसरा जाणकार तो दुरुस्त करू शकतो. नसला तर सभासदांच्या ठेवींचे हिशेब अडून बसतात. जीपीएलखाली हा मूळ मजकूर मागण्याचा पतपेढीस हक्कच आहे. मात्र सर्वच मुक्त परवाने विक्रेत्यावर अशी सक्ती करीत नाहीत. ‘एमआयटी’ व ‘बीएसडी’ परवान्यांखालील प्रोग्रॅम घेऊन, त्यात भर घालून, विक्रेता मूळ मजकूर स्वतःपाशी ठेवू शकतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी परवान्याचे नाव विचारावे, आणि मूळ मजकूर त्याच दिवशी मागून घ्यावा.