बर्फावरील हॉकीतील विजय आणि राष्ट्राभिमान : लेक प्लॅसिड, १९८०

क्रीडाक्षेत्रातील विजय आणि राष्ट्राभिमान यांचे नाते सामान्यतः स्वयंसिद्ध मानले जाते. तथापि प्रत्येक विजयाने राष्ट्र भारावून जात नाही. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवून बर्फावरील हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. तो विजय लवकरच विस्मृतीत गेला. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड येथे त्याच प्रतिस्पर्ध्यावर मिळविलेला ४–३ असा विजय मात्र ‘बर्फावरील चमत्कार’ म्हणून दंतकथा बनला. या फरकाची मीमांसा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिले कारण मैदानाबाहेर सापडते. नोव्हेंबर १९७९ पासून तेहरानमधील दूतावासात अमेरिकन नागरिक ओलीस होते. डिसेंबरमध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. महागाई व इंधनटंचाईने जनता त्रस्त होती. सैन्य मागे घ्यावे, अन्यथा मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकू, हा अध्यक्ष कार्टर यांचा इशारा होता आणि त्याची मुदत सामन्याच्या दोनच दिवस आधी संपली होती. १९६० मध्ये शीतयुद्ध होते; एवढी आत्मशंका नव्हती. दुखावलेल्या समाजालाच अशा विजयाची खरी भूक असते.

दुसरे कारण संघांतील विषमतेचे. सोव्हिएत संघाने १९६४ ते १९७६ या काळात सलग चार सुवर्णपदके जिंकली होती. त्याचे खेळाडू नावापुरते हौशी, व्यवहारात पूर्णवेळ खेळणारे. अमेरिकेचा संघ बहुतांशी महाविद्यालयीन तरुणांचा. ऑलिंपिकपूर्वी न्यूयॉर्कमध्ये तो याच प्रतिस्पर्ध्याकडून १०–३ असा पराभूत झाला होता. प्रत्यक्ष सामन्यातही सोव्हिएत खेळाडूंनी गोलवर ३९ फटके मारले, अमेरिकनांनी अवघे १६. गोलरक्षक जिम क्रेग याने ३६ फटके अडविले आणि दहा मिनिटे शिल्लक असताना कर्णधार माइक एरुझिओनी याने निर्णायक गोल केला. ‘चमत्कार’ हा शब्द येथे काहीसा अन्यायकारकच म्हणावा लागेल. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी कित्येक महिने कठोर शारीरिक सराव करवून घेतला होता. तिसऱ्या सत्रात तो दमसासच कामी आला. परंतु परिश्रमापेक्षा दैवी कृपेची कथा राष्ट्राला अधिक भावते.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्राची ‘कल्पित समुदाय’ अशी मांडणी केली. वृत्तपत्र वाचताना परस्परांना अपरिचित माणसे एक होतात, असे त्यांचे प्रतिपादन. लेक प्लॅसिडच्या बाबतीत ते कार्य दूरचित्रवाणीने केले, तेही ध्वनिचित्रमुद्रणाच्या साहाय्याने. सामना सायंकाळी पाच वाजता सुरू झाला, बहुसंख्य अमेरिकनांनी तो रात्री पाहिला. निकाल लागून गेलेल्या सामन्यावर राष्ट्र एकवटले.

पुढे अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला. अनेक प्रबळ संघांच्या अनुपस्थितीत भारताने तेथे मैदानी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, योगायोगाने ४–३ याच गोलसंख्येने.

लेक प्लॅसिडचा हा सामना अंतिम नव्हता, हेही बहुतेकांना ठाऊक नसते. सुवर्णपदक निश्चित झाले ते दोन दिवसांनी, फिनलंडवरील ४–२ अशा विजयाने. त्या सामन्यात दुसऱ्या सत्राअखेर अमेरिका १–२ अशी पिछाडीवर होती.