गुपित न ठेवलेलं यीस्ट

कोपनहेगनच्या पश्चिमेला वाल्बीच्या टेकडीवर चार दगडी हत्ती पाठीवर अख्खी कमान तोलून उभे आहेत. बोर्नहोम बेटावरच्या ग्रॅनाइटचे. अंगावर ठसठशीत स्वस्तिक. कार्ल्सबर्गचा जुना बिअर कारखाना पाहायला आलेला मराठी माणूस इथे थांबून फोटो काढणार, हे ठरलेलंच. युरोपातले पर्यटकही थांबतात, पण त्यांच्या कपाळाला आठी असते. मग त्यांना समजवावं लागतं की बाबांनो, हे प्रवेशद्वार १९०१ सालचं आहे, तेव्हा हिटलर बारा वर्षांचा होता. स्वस्तिक हे त्या काळी कारखान्याचं शुभचिन्ह होतं, पुढे नाझींमुळे ते सोडावं लागलं. वास्तुविशारद व्हिल्हेल्म डालेरुप. हत्तीची कल्पना मात्र थेट आपल्याकडून गेलेली नाही. मालक कार्ल याकॉबसेन कलेचा वेडा, आणि रोममध्ये बेर्निनीचा पाठीवर स्तंभ घेतलेला हत्ती आहे, तो त्याच्या डोळ्यांसमोर होता.

हत्ती देखणे आहेत, वाद नाही. पण या जागेचं खरं मोल कार्लच्या वडिलांच्या काळात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवात आहे.

वडील जे. सी. याकॉबसेन यांनी १८४७ मध्ये हा कारखाना काढला आणि पाच वर्षांच्या मुलाचं नाव त्याला दिलं. बव्हेरियासारखी थंडाव्यात सावकाश मुरलेली बिअर त्यांना डेन्मार्कमध्ये करायची होती. त्यासाठी १८४५ मध्ये त्यांनी म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातून यीस्ट आणलं. घोडागाडीचा लांबचा प्रवास. वाटेत गाडी थांबेल तिथे भांड्यांवर गार पाणी ओतत ते जिवंत ठेवलं. या यीस्टवर पुढची कित्येक वर्षं धंदा चालला. तरी मधूनच एखादा घाणा कडवट निघे, वास बिघडे, आणि का ते कुणाला सांगता येत नसे.

याकॉबसेन यांनी त्यावर जे केलं ते कारखानदार सहसा करत नाहीत. १८७५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि तिच्या नियमांतच लिहून ठेवलं की शास्त्राच्या किंवा व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा कुठलाही निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही.

तिथे एमिल ख्रिश्चन हान्सेन आला. हा पूर्वी घरं रंगवायचा, पोटासाठी कथाही लिहायचा. बिअर बिघडते ती जिवाणूंमुळे, असं पाश्चरचं म्हणणं. हान्सेनला दिसलं की यीस्टमध्येच भेसळ आहे: चांगल्या जातीत रानटी जाती मिसळल्यात. मग एकच जात वेगळी कशी काढायची? त्याची रीत ऐकायला साधी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबातल्या पेशी मोजायच्या. मग निर्जंतुक पाणी घालून तो द्रव इतका पातळ करायचा की बाटल्या जितक्या, त्याच्या निम्म्याच पेशी वाट्याला याव्यात. प्रत्येक बाटलीत थोडा थोडा टाकायचा, नीट हलवायचा आणि बाटल्या जागेवरून न हलवता ठेवून द्यायच्या. काही दिवसांनी काही बाटल्या कोऱ्याच राहतात, काहींच्या तळाशी पांढरे ठिपके उमटतात. दोन ठिपके असतील ती बाटली बाद. एकच ठिपका असेल, तर ती सगळी वस्ती एका पेशीची लेकरं.

नोव्हेंबर १८८३ मध्ये अशा शुद्ध यीस्टवर कारखान्यात पहिली बिअर घातली गेली. आधी साशंक असलेले मालक निकाल पाहून वळले, आणि मग ते यीस्ट मागेल त्याला देऊन टाकलं, अगदी प्रतिस्पर्ध्यांनाही. आज जगभरच्या लागर बिअरचा पाया एका शुद्ध पेशीपासून वाढवलेलं यीस्ट हाच आहे. एवढा मोठा शोध फुकट वाटणारा दुसरा कारखानदार मला तरी चटकन आठवत नाही.

त्याच १८८३ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत, योहान केल्डालने सातूतली प्रथिनं मोजायची पद्धत बसवली: नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करायचा आणि तो मोजायचा. आपल्याकडे कृषी आणि दुग्धशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकावी लागते. आणि १९०९ मध्ये इथल्याच सोरेन सोरेनसेनने आम्लतेची मोजपट्टी दिली. नाशिकचा द्राक्षबागाईतदार माती परीक्षणाच्या अहवालात सगळ्यात आधी ज्या ओळीवर बोट ठेवतो, तो सामू म्हणजे हीच मोजपट्टी. बिअर घडवणाऱ्या विकरांचं काम आम्लतेवर अवलंबून असतं, म्हणून हा खटाटोप.

घरात मात्र शांतता नव्हती. कार्लला कमी दिवस मुरवून जास्त माल विकायचा होता, वडिलांना ते पाप वाटे. भांडण इतकं पेटलं की बापाचा एक आणि लेकाचा वेगळा अशा दोन कारखान्यांमधल्या एकाच रस्त्याला दोघांनी दोन वेगवेगळी नावं देऊन आपापल्या पाट्या ठोकल्या. आज तिथे पाश्चरच्या नावाची पाटी आहे. वडिलांनी जुना कारखाना मुलाला न देता १८७६ मध्येच स्थापन केलेल्या कार्ल्सबर्ग फाउंडेशनकडे सोपवला. १८८७ मध्ये ते रोममध्ये वारले, त्याआधी समेट झाला होता हे त्यातल्या त्यात बरं. फाउंडेशनचा कारभार पाहणारे पाच जण डेन्मार्कची विज्ञान अकादमी आपल्या सदस्यांतून निवडते. थोडक्यात, एवढ्या मोठ्या बिअर कंपनीचा शेवटचा शब्द प्राध्यापकमंडळींचा. कार्लनेही नंतर आपली संपत्ती कलेत ओतली. बंदरावरची छोटी जलपरी, १९१३ ची, त्यानेच शहराला दिलेली.

प्रत्यक्ष जायचं तर कार्ल्सबर्ग नावाचं लोकल स्टेशनच आहे, उतरलं की चालत पोहोचता येतं. मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन २००८ मध्ये फ्रेडरिशियाला हललं, आता आजूबाजूला उंच घरं आणि कॉफीची दुकानं उठली आहेत. संग्रहालयात न उघडलेल्या बिअर बाटल्यांचा अफाट संग्रह आहे, वीस हजारांच्या वर. बाटल्या बघत फिरायला मजा येते, नाही असं नाही, पण दहाव्या कपाटानंतर लेबलं लेबलांसारखीच दिसतात. त्यापेक्षा मला १८८३ सालच्या बाटलीची गोष्ट जास्त भावते: जुन्या तळघरात सापडलेल्या त्या बाटलीत अजून जिवंत यीस्ट होतं. संशोधकांनी ते वाढवलं आणि २०१६ मध्ये त्यावर पुन्हा बिअर केली.

याकॉबसेन यांचा बंगला त्यांच्या इच्छेनुसार मोठ्या विद्वानाला तहहयात राहायला दिला जाई. १९३२ पासून १९६२ मध्ये मरेपर्यंत तिथे नील्स बोर राहिला. कारखान्यातून त्याच्या स्वयंपाकघरात थेट बिअरचा नळ होता, असं जो तो सांगतो. पुरावा कुणी दाखवत नाही. पण अणूच्या पोटात शिरलेल्या माणसाच्या घरी नळ नव्हताच, असं ठासून म्हणायला तरी कोण धजणार?