वनरक्षण आणि जबाबदार प्रवासी

केरळातील पेरियार अरण्याचा बराच भाग सदाहरित वर्षावनाचा आहे. तेथे रानदालचिनीची साल चोरून विकणे हे कित्येकांच्या उपजीविकेचे साधन होते. पानांत तयार झालेले अन्न सालीतून मुळांकडे जाते. म्हणून खोडाची साल सभोवार सोलली की झाड वाळते. खटले भरूनही ही चोरी थांबेना, कारण पोटाची दुसरी सोय नव्हती.

१९९६ नंतर परिसर-विकास योजनेखाली वनखात्याने या साल काढणाऱ्यांचीच समिती स्थापन केली. ज्या आडवाटा त्यांना चोरीमुळे ठाऊक होत्या, त्याच वाटांनी ते प्रवाशांस अरण्य दाखवू लागले व गस्तही घालू लागले. प्रवाशांच्या शुल्कातून त्यांस मोबदला मिळू लागल्याने उभे झाड राखण्यात त्यांचे हित निर्माण झाले.

मात्र गोंगाट व कचरा करणारा प्रवासी अरण्यास भारच होतो. आपला सह्याद्रीही याच पश्चिम घाटाचा भाग आहे. तेव्हा शालेय सहल रानात नेताना शिक्षकांनी तुकडी लहान ठेवावी, गावचा माहितगार वाटाड्या योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावा आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणवावी.