विश्लेषण : हृदयाची लय सुधारायची की फक्त गती आवरायची?

‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये हृदयाचे ठोके अनियमित पडतात. ते पूर्ववत करायचे की नुसता त्यांचा वेग कमी करायचा, याचे वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर गेल्या दोन दशकांत बदलले आहे.

हा विकार काय आहे?
हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युतसंदेश विस्कळीत झाले की ते कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. धडधड, धाप, थकवा जाणवतो. काहींना काहीच जाणवत नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत पोहोचल्यास पक्षाघात होतो. हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो.

दोन मार्ग कोणते?
गती नियंत्रणात बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिनने ठोक्यांचा वेग आवरतात. अनियमितपणा तसाच राहतो. लय नियंत्रणात अमिओडेरोनसारखी औषधे, विजेचा नियंत्रित झटका किंवा अब्लेशन वापरतात. अब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेऊन गडबडीचे संदेश रोखले जातात.

संशोधन काय सांगते?
‘अफर्म’ चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ४,०६० रुग्णांच्या या अभ्यासात लय नियंत्रणामुळे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उलट रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. त्यामुळे गती नियंत्रणाकडे कल झुकला. २०२० मध्ये ‘ईस्ट-एएफनेट ४’ने चित्र बदलले. निदानानंतर वर्षभराच्या आत लय नियंत्रण सुरू केलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना दरवर्षी १०० रुग्णांमागे ३.९, तर नेहमीच्या उपचारात ५ होत्या. फरक पडला तो उपचार लवकर सुरू केल्याने.

लय सुधारली की रक्त पातळ करणारी गोळी बंद?
नाही. ‘अफर्म’मध्ये पक्षाघात झालेल्यांपैकी बहुतेकांनी वॉरफरिन थांबवले होते किंवा त्याचे प्रमाण अपुरे होते. गोळीचा निर्णय लयीवर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा जोखमींवर ठरतो.

भारतासाठी वेगळे काय?
आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण अजूनही आहेत. २०२२ च्या ‘इन्विक्टस’ चाचणीत अशा रुग्णांना नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा वॉरफरिनच्या गटातील जुनी औषधेच सरस ठरली. मात्र त्यासाठी ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी लागते.