नकलांचे दप्तर

नक्कल राखणे म्हणजे काय, याविषयी माझी समजूत कित्येक वर्षे एखाद्या सरळमार्गी कारकुनासारखी होती : दर शनिवारी संगणकातील साऱ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्या, जुन्या प्रतीवर नवी चढवावी आणि निर्धास्त व्हावे. दहा वर्षांच्या ई-टपालाची एक लांबलचक फाईल संगणकातच बिघडलेली असता, ती बिघडलेली प्रत मी इमानेइतबारे चांगल्या प्रतीवर चढवली, आणि हे ध्यानात आले तेव्हा तीन महिने उलटून गेले होते.

यावरची तजवीज म्हणून मी ‘रेस्टिक’कडे वळलो. अलेक्झांडर नॉयमन यांनी सुरू केलेली ही मुक्त परवान्याची, विनामूल्य आज्ञावली आहे. तिला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत, टर्मिनलच्या काळ्या पाटीवर रोमन लिपीत एकेक हुकूम टंकावा लागतो. प्रारंभी धास्ती वाटते. पण नित्याचे हुकूम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘इनिट’ म्हटले की नेमल्या जागी रिकामे दप्तर उभे राहते आणि परवलीचा शब्द दोनदा विचारला जातो. ‘बॅकअप’पुढे फोल्डरचे नाव दिले की त्या क्षणाची स्थिती तारखेनिशी नोंदली जाते. प्रत्येक नोंद ही स्वतंत्र, संपूर्ण प्रत असल्यासारखी उघडता येते, आणि नवी नोंद जुनीला धक्का लावीत नाही.

रोज संपूर्ण प्रत म्हटल्यावर डिस्क महिन्याभरात भरेल, अशी शंका येते. तिचे उत्तर मला या सबंध व्यवहारातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. मोठ्या फायलीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडले, तर आरंभी एक अक्षर घातले असता पुढची प्रत्येक सीमा सरकेल आणि एकही तुकडा पूर्वीच्याशी जुळणार नाही. म्हणून रेस्टिक फूटपट्टी वापरीत नाही. 64 बाइटांची एक चौकट मजकुरावरून पुढे सरकवीत, मायकेल राबिन यांच्या गणितपद्धतीने ती चौकटीतल्या मजकुराची खूण काढीत जाते, आणि खूण ठरावीक रूपाची आली की तेथे तुकडा तोडते. सीमा मजकूरच ठरवीत असल्यामुळे आरंभी भर पडली तरी पहिला एखादा तुकडाच बदलतो, बाकीचे तसेच ओळखू येतात. तुकडे साधारण 1 मेगाबाइटाचे होतात, 8च्या वर जात नाहीत. प्रत्येकाचा एसएचए-256 ठसा घेतला जातो, आणि तो ठसा दप्तरात आधीच दाखल असेल तर तुकडा पुन्हा ठेवला जात नाही. माझ्या टपालाच्या फायलीत रोज शेवटी भर पडते, आणि रोज फक्त शेपटाचा तुकडा दाखल होतो.

कुतूहलापोटी मी ते दप्तर उघडून पाहिले. आत ‘डेटा’, ‘कीज’, ‘स्नॅपशॉट्स’ अशी फोल्डरे, आणि त्यांत 64 अक्षरी सांकेतिक नावांच्या फायली. माझ्या एकाही फायलीचे नाव कोठे दिसेना. फायलींची नावे आणि मजकूर एईएस-256 पद्धतीने कुलूपबंद असतात, त्यामुळे डिस्क परक्याच्या हाती पडली तरी त्याला ती वाचता येत नाहीत. परवलीचा शब्द विसरला तर धन्यालाही वाचता येत नाही. तेथे रदबदली चालत नाही. मात्र एकाच दप्तराला अनेक किल्ल्या करण्याची सोय आहे : ‘की ॲड’ म्हणून मी दुसरा शब्द केला, तो कागदावर लिहिला आणि लिफाफा थोरल्या बहिणीच्या कपाटात ठेवला. संगणकात लिहून ठेवलेला शब्द संगणकाबरोबरच जायचा, एवढा विचार त्यामागे होता.

जुन्या नोंदी ‘फरगेट’ने वगळाव्या, रोजच्या 7, आठवड्यांच्या 4 अशी मर्यादा घालता येते. त्याने केवळ नोंद जाते, जागा मोकळी होते ती ‘प्रून’ने. ‘चेक’ दप्तराची मांडणी तपासते. आतला मजकूर अक्षरशः वाचून घ्यावयाचा तर ‘रीड-डेटा’ जोडावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

‘रिस्टोर’ची रंगीत तालीम मात्र पहिल्याच आठवड्यात करावी. मी ती टपालाची फाईल एका रिकाम्या फोल्डरात परत मागवली, मूळ फायलीशी ताडून पाहिली, आणि मगच शनिवारची जुनी डिस्क पुसून टाकली.