पोटातली तार आणि मेंदूची तार

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूर भागात ऊस उभा राहिला आणि पुढे गोठ्यात संकरित गाई आल्या. गळिताचा हंगाम लागला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या आसपास वाढ्यांचे भारे दावणीत पडतात. अशा दिवसांत चांगली दुभती गाय एकाएकी आटते, रवंथ करीत नाही. घरात कोणी म्हणते, नजर लागली. दुखणे मात्र पुष्कळदा पोटात असते, आणि त्याचा धागा थेट मेंदूला जाऊन भिडतो.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. पहिला कप्पा म्हणजे मोठी कोठीच. ती दोन मिनिटांत साधारण दोन-तीन वेळा आकसते, चारा घुसळते आणि गॅस बाहेर काढते. या हालचालीचा हुकूम सुटतो मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेतून. तिथून व्हेगस नावाचा मज्जातंतू मान आणि छाती ओलांडून पोटात उतरतो. कोठी किती भरली, चारा भरड आहे की बारीक, ही खबर त्याच वाटेने वर जाते आणि हुकूम खाली येतो. माणसाचे जठर ही वाट तुटली तरी थोडेफार चालते. गाईची कोठी मात्र थांबते.

आता खिळा-तारेचे पाहा. गाय पहिल्यांदा चारा न चावताच गिळते. द्राक्षमांडवाची किंवा बांधकामाची तार कुट्टीत आली, तर तिचे टोकदार तुकडे होतात. जड लोखंड जाळीसारख्या दुसऱ्या कप्प्यात बसते, आणि कप्पा आकसला की भिंतीत घुसते. पुढे पडद्यापलीकडे हृदयच आहे. भिंतीला सूज आली, आतडी-पडदे चिकटले की व्हेगसच्या शाखांचे काम बिघडते. व्हेगस बिघडून होणाऱ्या या अपचनाचे वर्णन स्वीडनच्या होफ्लुंड यांनी 1940 साली केले.

खुणा अशा : गाय पाठ कमानीसारखी करते, कोपरे बाहेर काढून उभी राहते, बसताना कण्हते. पुढे पोट पुन्हा पुन्हा फुगते, डाव्या बाजूला वर आणि उजव्या बाजूला खाली. शेण थोडे पडते. गाभण गाईत शेवटच्या महिन्यांत हे अधिक दिसते.

रोज डाव्या भकाळीवर मूठ ठेवून दोन मिनिटे थांबा. कोठीची हालचाल मंदावली असेल, तर तेल पाजत दिवस काढू नका. गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. तोवर पुढचे पाय उंचावर येतील अशी गाय बांधा. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहचुंबक गिळवता येते. ते पोटातच राहून लोखंड धरून ठेवते. तांबे-ॲल्युमिनियम मात्र ते धरीत नाही.

यापेक्षा स्वस्त उपाय घरातच आहे. कुट्टीत भारा घालण्यापूर्वी तो सोडून झटका, आणि गोठ्याजवळ पडलेला तारेचा तुकडा दिसला की लगेच उचला.