उष्णतेचं गणित : लेखांक ९ – पायऱ्यांची बेरीज, फेऱ्यांची बेरीज

मागच्या लेखात आपण विभाजन फलन, म्हणजेच पार्टिशन फंक्शन, मांडलं. प्रत्येक अवस्थेला तिच्या ऊर्जेनुसार आणि तापमानानुसार वजन द्यायचं आणि सगळी वजनं मिळवायची. ही बेरीज हाती आली की सरासरी ऊर्जा, एन्ट्रॉपी, विशिष्ट उष्णता असं सारं तिच्यातून निघतं. पण तिच्यात पदं अनंत असतात. फुरिएची पद्धत इथे काय करते, ते एका उदाहरणावर पाहू.

एक कण वर्तुळावर मोकळा फिरतो आहे. पुंजयामिकीनुसार त्याची ऊर्जा ०, १, ४, ९, १६ अशी पूर्णांकांच्या वर्गांच्या प्रमाणातच असू शकते. कण दोन्ही दिशांनी फिरू शकतो, म्हणून शून्य सोडून प्रत्येक पायरी दोनदा मोजायची. पहिल्या दोन पायऱ्यांमधल्या फरकाला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने भागलं की एक तापमान मिळतं. त्याला कणाचं स्वतःचं तापमान म्हणू.

बाहेरचं तापमान तेवढंच असेल, तर पायऱ्यांची वजनं १, ०.३६७९, ०.०१८३, ०.०००१ अशी भराभर घटतात. चारच पायऱ्यांत उत्तर मिळतं : १.७७२६३७. तापमान शंभरपट केलं, तर वजन ०.०००१ पर्यंत उतरायला तीस पायऱ्या चढाव्या लागतात. शंभरपट हा आकडा हवेतला नाही. नायट्रोजनच्या रेणूच्या फिरण्याचं असं तापमान सुमारे २.९ केल्व्हिन आहे आणि आपली खोली ३०० केल्व्हिनच्या आसपास असते.

फुरिएचा समकालीन प्वासाँ याचं सूत्र इथे कामी येतं : एखाद्या फलनाची सर्व पूर्णांकांवरची बेरीज ही त्याच्या फुरिए रूपांतराच्या पूर्णांकांवरच्या बेरजेइतकीच असते. आपल्या वजनांचा आलेख घंटेच्या आकाराचा आहे. त्याचं रूपांतरही घंटेच्याच आकाराचं असतं, पण मूळ आलेख जितका पसरट, तितकं रूपांतर अरुंद. तापमान वाढलं की पहिली बेरीज लांबते आणि दुसरी आखडते.

स्वतःच्या तापमानाला दुसऱ्या बेरजेचं पहिलं पद म्हणजे पायचं वर्गमूळ, १.७७२४५४. पुढची जोडी ०.०००१८३ ची भर घालते. एकूण १.७७२६३७, म्हणजे मघाचंच उत्तर. शंभरपट तापमानाला पहिलं पद १७.७२४५ आहे आणि उरलेल्यांचा वाटा इतका सूक्ष्म, की दशांश चिन्हानंतर चारशेहून अधिक शून्यं येतात.

ते पहिलं पद म्हणजेच अभिजात यामिकीचं उत्तर. पुंज परिणाम पुढच्या पदांत आहेत. या पदांनाही भौतिक अर्थ आहे. फाइनमनच्या मार्ग-समाकलाच्या भाषेत प्रत्येक पद कणाने वर्तुळाभोवती घातलेल्या पूर्ण फेऱ्यांची संख्या सांगतं. थंडीत ऊर्जेच्या पायऱ्या मोजाव्यात, उष्णतेत फेऱ्या. म्हणून फुरिएची पद्धत मला निव्वळ आकडेमोडीची सोय वाटत नाही. एकाच वस्तूकडे पाहण्याची दुसरी, तितकीच खरी दृष्टी ती देते.

फुरिएने १८२२ च्या आपल्या ग्रंथात ही साधनं घडवली ती उष्णतेचं वहन समजून घेण्यासाठी. १९७५ मध्ये झाक व्हिलँ यांनी प्रतलातल्या चुंबकीय प्रतिमानाला असं रूप दिलं, की हीच युक्ती त्यातल्या शेजारी फिरक्यांच्या, म्हणजेच स्पिनच्या, प्रत्येक जोडीला लावता यावी. त्यातून फिरक्यांच्या लाटा आणि भोवरे वेगळे काढता आले. कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांना २०१६ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत नेणारे भोवरे ते हेच. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.